लव ऑल म्हणजे सगळ्यांनी लवा

टेनिसमध्ये शून्याला ‘लव’ का म्हणतात याची माझ्या नातीच्या मोबाइलवर तीन कारणं दिलेली आहेत आणि तिन्ही चूक आहेत. खरं कारण माझ्या वडलांनी शोधून काढलं होतं, तेही जूचंद्रच्या मिठागरात घोटाभर चिखलात उभं राहून. लव म्हणजे लव. वाक. ज्याच्याकडे अजून एकही पॉइंट नाही त्याने ताठ उभं राहून कसं चालेल? आधी जमिनीला हात लावावा, मग पुढचा चेंडू खेळावा. हे कारण इतकं सरळ होतं की पुढची कित्येक वर्षं आमच्या गावात कुणालाही त्याबद्दल शंका आली नाही, आणि मला आली तेव्हा फार उशीर झाला होता.

मिठागराच्या शेजारी टेनिसचं कोर्ट कसं आलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर आचोळ्याच्या आमच्या आताच्या सोसायटीतल्या बायकांसारखं तुम्हालाही वाटेल की म्हातारीने काहीतरी रचून सांगितलं. माझ्या वडलांचं, हिराजी पाटलांचं, काम मिठागराची जमीन करण्याचं. पावसाळ्यात मिठागराच्या वाफ्यांचा लगदा होतो. पाऊस सरला की पाणी काढायचं, आणि ओळीने माणसं उभी करून तो चिखल पायांनी तुडवत राहायचं, दिवसचे दिवस, जोवर खालची जमीन घट्ट होत नाही तोवर. मग लाकडी फळीने थापटायचं. जमीन कच्ची राहिली तर मिठात माती येते. थपथप असा तो फळ्यांचा आवाज नवरात्राच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर ऐकू यायचा. वडील त्या कामातले उस्ताद. अनवाणी चालून ते सांगायचे की इथे अजून दोन दिवस, इथे झालं.

मिठागराचे मॅनेजर दामले साहेब गिरगावातून आलेले. कॉलेजात असताना टेनिस खेळलेले, आणि आमच्याकडे येऊन डास मारण्यापलीकडे हाताला काही व्यायाम नाही म्हणून दुःखी असलेले. एक दिवस त्यांनी तयार झालेल्या वाफ्याकडे पाहिलं, आणि अशी सपाट, घट्ट, चौकोनी जमीन मिठासाठी वापरणं हा त्यांना अन्याय वाटला. त्यांनी वडलांना विचारलं, असाच एक कोरडा वाफा बंगल्यामागे करून देशील का? वडलांनी फक्त लांबी-रुंदी विचारली. बंगल्यामागे म्हणजे आमच्या घरामागेच. कोर्ट झालं. नेट म्हणून खाडीवरच्या कोळ्यांकडून एक जुनं जाळं दुहेरी करून बांधलं, आणि रेघा मारायला चुना आणायचा राहिला तेव्हा मीठ होतंच. त्या रेघांचा एक फायदा असा की चेंडू रेघेवर पडला की मीठ उडायचं, आणि भांडणाला जागाच राहायची नाही. आता नातीला टीव्हीवर दाखवतात तसे कॅमेरे लावून, चेंडूची सावली रंगवून, सगळ्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला लावून जो निकाल देतात, तो आमच्याकडे चिमूटभर मिठात व्हायचा.

साहेबांना जोडीदार नव्हता. वडलांनी रॅकेट फावड्यासारखी दोन्ही हातांनी धरली आणि पहिला चेंडू थेट खाडीत घातला. मग आठ वर्षांची मी होते. असा माझा खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी साहेब ऑफिसातून आले की मी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबून पळायची आणि वडील बांधावर बसून पाहायचे. साहेबांजवळ नियमांचं एक पातळ पुस्तक होतं, इंग्रजीतलं, त्यांच्या कॉलेजच्या काळातलं. ते वाचून ते मराठीत सांगायचे आणि वडील त्यावर विचार करायचे. पंधरा, तीस आणि मग चाळीस. पंचेचाळीस का नाही? साहेब म्हणाले, नियम आहे. वडलांना ते पटलं नाही. दोन दिवसांनी ते स्वतःच उत्तर घेऊन आले की पाच तूट धरलेली असणार. मीठ गोणीत भरलं की वाटेत पाझरतं, पोचताना थोडं कमीच भरतं, हे ज्याने नियम केले त्याला माहीत असणार. साहेब खूप हसले आणि त्यांनी ते पेन्सिलीने पुस्तकाच्या कडेला लिहून ठेवलं. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. मीठ लागून त्याची पानं चिकटली आहेत, पण तेवढी ओळ वाचता येते.

‘लव’चा अर्थ त्याच सुमाराला लागला. सामना सुरू करताना साहेब मोठ्याने म्हणायचे, “लव ऑल.” ‘ऑल’ म्हणजे सगळे, एवढं इंग्रजी वडलांना मिठागराच्या पावत्यांवरून येत होतं. म्हणजे सगळ्यांनी लवा. त्यात आश्चर्य ते काय? मिठागरातही पहिला पाय टाकायच्या आधी माणसं वाकून जमिनीला हात लावायचीच. तेव्हापासून ‘लव ऑल’ झालं की मी, वडील आणि बांधावर जमलेली चार-पाच माणसं, सगळे वाकून जमिनीला बोटं टेकवायचो. साहेब सुरुवातीला गोंधळले, मग तेही वाकायला लागले. आणि पुढे पंधरा-लव, तीस-लव असं झालं की ज्याचं शून्य त्याने वाकायचं. कुणी वाकायचं विसरला तर बांधावरून आवाज यायचा, “लव बोललाय ना त्यो तुला.”

आई कधी बांधावर आली नाही. तिला खेळ कळत नाही असं सगळे म्हणायचे, ती स्वतःही म्हणायची. पण चूल मागच्या पडवीत होती, आणि तिथे करंदी, ती बारीक कोलंबी, निवडताना किंवा तांदळाच्या भाकऱ्या थापताना साहेबांचा आवाज तिच्या कानावर पडतच होता. गुण बरोबरीत आले की ड्यूस, पुन्हा ड्यूस, पुन्हा ड्यूस. तिचा राग होता तो एकाच नियमावर. सेट जिंकायला दोन गेमचा फरक लागतो. सहा-पाचवर संपत नाही, सात-सहावर संपत नाही, आठ-सातवर नाही. एकदा माझी आणि साहेबांची मारामारी चौदा-बारापर्यंत चालली. त्या दिवशी तिने चिंबोऱ्यांचं कालवण तीनदा गरम केलं आणि तिसऱ्यांदा ते खाली लागलं. एकाच्या फरकाने का नाही संपत तुमचा खेळ, असं तिने वडलांना ताटावरच विचारलं. वडील म्हणाले, “एक तर कोनालाबी मिळतो. नशिबानं मिळतो. दुसरा मिळवाया लागतो.” खाली लागलेलं कालवण तिने आम्हालाच वाढलं.

पुढे मिठागराचं काम आवरत आलं, दामले साहेब परत गेले. जाताना त्यांनी रॅकेटी आणि ते पुस्तक मला दिलं. मी वसईला कॉलेजात जायला लागले. तिथल्या जिमखान्याचे सर मूळचे कबड्डीचे, पण मुलगी टेनिस खेळते म्हटल्यावर त्यांनी मला आंतरकॉलेज सामन्यांना पाठवलं. ते सामने एका सेटचे. अंपायर नसायचा, मुलीच गुण मोजायच्या. एकतर मी सहा-एकने जिंकायची नाहीतर सहा-एकने हरायची, बरोबरीत कधी अडकले नाही. समोरच्या मुली शून्यावर वाकत नाहीत हे मी पाहिलं होतं. पण त्या शहरातल्या होत्या. त्यांना घरी वळण लावलेलं नसेल, असं वाटून मी सोडून दिलं. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला त्यांची मनापासून कीव यायची.

मग सरांना कुठूनतरी कळलं की मुंबईत परदेशी मुलींची एक स्पर्धा भरते आहे आणि तिच्या पात्रता फेरीत इथल्या काही मुलींना घेणार आहेत. त्यांनी माझं नाव दिलं आणि ते लागलं. घरात ही बातमी आली त्याच आठवड्यात मामाने डी.एड.चा फॉर्म आणून दिला होता. मास्तरीण हो, हातात नोकरी राहील, मग लग्नाचं बघू, असं मामाचं आणि आईचं ठरलेलं. फॉर्मची शेवटची तारीख स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी होती. मला खेळायचं होतं. आणखी किती आणि कशासाठी हे मला सांगता येत नव्हतं, पण संध्याकाळी रॅकेट हातात नसेल तर मी काय करीन हे डोळ्यासमोर येतच नव्हतं. वडलांनी माझी बाजू घेतली. आईने ऐकून घेतलं, फॉर्म सुकटीच्या डब्याखाली दाबून ठेवला आणि अट घातली. जिंकलीस तर आणखी एक वर्ष खेळ. हरलीस तर दुसऱ्याच दिवशी फॉर्म टपालात. आंतरराष्ट्रीय टेनिसमध्ये पुरुषांचे पाच सेट, बायकांचे तीन, असं काय काय असतं. आमच्या घरच्या स्पर्धेत एकच फेरी होती आणि पंच आई होती.

सकाळच्या गाडीने मी आणि वडील गेलो. वडलांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि मांडीवर चार कप्प्यांचा डबा धरला होता. कोर्ट लाल मातीचं होतं. वडलांनी आत शिरताच चप्पल काढून दोन पावलं टाकली आणि मला हळूच सांगितलं की जमीन बरी आहे, पण नेटजवळ दोन दिवस कमी तुडवली आहे. तिथे चेंडू कमी उसळेल, हे मी लक्षात ठेवलं. समोरची मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच, पिवळ्या केसांची. कुठल्या देशाची ते मला आजही नीट सांगता येणार नाही, तिच्या पिशवीवर इंग्रजी तीन अक्षरं होती एवढंच. उंच खुर्चीत पांढरी टोपी घातलेले अंपायर बसले होते.

पहिला पॉइंट तिला गेला. “लव-फिफ्टीन.” मी वाकले, मातीला बोटं टेकवली. वर पाहिलं तर प्रेक्षकांच्या बाकांवर वडीलही उठून वाकत होते. अंपायरनी मान तिरकी करून पाहिलं. पहिला सेट मी सहा-चारने घेतला, नेटजवळ चेंडू टाकटाकून. खरी गंमत दुसऱ्या सेटमध्ये झाली. त्या मुलीला बहुधा वाटलं असावं की हा इथला रिवाज आहे आणि आपण पाहुणे आहोत. तिच्यावर ‘लव-फिफ्टीन’ आलं तशी तीही वाकली आणि मातीला हात लावला. बाकांवरून वडलांनी समाधानाने मान हलवली. मुलगी वळणाची आहे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मग ती शून्यावर असली की ती वाकायची, मी असले की मी, आणि वडील दोघींसाठी वाकायचे. शेवटी अंपायरनी खेळ थांबवला आणि आम्हा दोघींना खुर्चीजवळ बोलावलं. खेळ सलग चालला पाहिजे, वेळ घालवायचा नाही, दोघींना ही ताकीद, पुढच्या वेळी पॉइंट जाईल. तिला ते नीट कळलं. मला अर्धंमुर्धं कळलं, पण बोट उगारलेलं कळलं. त्यानंतर मी वाकले नाही. शून्यावर उभी राहिले की पाठ अवघडल्यासारखी व्हायची. दुसरा सेट मी तीन-सहाने हरले.

तिसऱ्या सेटमध्ये ऊन डोक्यावर आलं आणि मला धीर आला. उन्हात तासन्‌तास उभं राहायची आमच्या घरची सवय, आणि तिचं तोंड लालबुंद झालेलं. पाच-पाच झालं, सहा-सहा झालं. माझा बेत पक्का होता. पुस्तकाप्रमाणे आता दोनचा फरक पडेपर्यंत चालणार. आठ-आठ करीन, बारा-बारा करीन, ती कधीतरी बसेल. चौदा-बारा मला नवीन नव्हतं. एवढ्यात अंपायर म्हणाले, “टायब्रेक.”

हा शब्द पुस्तकात नव्हता. दामले साहेब कॉलेज सोडून आल्यावर कधीतरी जगाने हा नियम केला होता, आणि तो जूचंद्रपर्यंत यायचा राहिला होता. पण शब्द तर सोपे होते. क्रिकेटमुळे ‘टाय’ मला माहीत होता, म्हणजे बरोबरी. ‘ब्रेक’ म्हणजे सुट्टी. बरोबरी झाली म्हणून सुट्टी. एवढ्या मोठ्या स्पर्धेत माणुसकी असणारच. मी रॅकेट ठेवली, सावलीतल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बूट सैल केले. वडलांनाही ऐकू आलं होतं. ते डबा घेऊन कठड्यापर्यंत आले आणि झाकण उघडून मला म्हणाले, “बाय, ब्रेक दिलाय त्यानी. दोन घास खाऊन घे, मंग दम राहील.” मी भाकरीचा घास तोडला. सुकटीची चटणी होती. समोरची मुलगी पलीकडे सर्व्हिस करायला चेंडू हातात घेऊन उभी होती आणि मला आठवतं, मला तिची दया आली, की हिला कुणी डबा दिला नाही.

अंपायरनी दोनदा ‘टाइम’ म्हटलं. मला वाटलं ते वेळ देतायत. तिसऱ्यांदा त्यांनी काहीतरी लांबलचक म्हटलं, आणि त्यातलं ‘पेनल्टी’ मला कळलं. मी घास तोंडात असतानाच धावले. एक चेंडूही न मारता ती पुढे गेली होती. टायब्रेकमध्ये पहिल्यांदा सातपर्यंत पोचेल आणि दोनने पुढे असेल ती सेट जिंकते, हे तिथे उभ्याउभ्या अंपायरनी मला बोटांवर मोजून सांगितलं. भला माणूस होता. मग वर बसून त्यांनी गुण पुकारला, “वन-झीरो.”

झीरो. लव नाही. बाकांपाशी वडील ‘लव’ची वाट पाहत अर्धवट उभे होते, ते तसेच राहिले आणि मग खाली बसले. टायब्रेकमध्ये शून्याला लव म्हणत नाहीत, नुसतं शून्य म्हणतात, हे मला माझ्या नातीने परवा सांगितलं आणि ती म्हणाली की तसा नियमच आहे. तिच्या अकॅडमीत तर हल्ली तिसरा सेटच नसतो. दहा पॉइंटांचा एक टायब्रेक, झालं. ड्यूसही एकदाच, पुढचा पॉइंट ज्याचा गेम त्याचा. सगळं लवकर उरकतं, तिला क्लासला जायचं असतं.

मी पाच-सातने हरले. फरकाच्या दोन पॉइंटांतला एक तिने खेळून मिळवला होता आणि एक भाकरीचा होता. मुलीने नेटवर हात मिळवला आणि डब्याकडे बोट दाखवलं. वडलांनी तिला बसवून घेतलं. ब्रेक शेवटी झाला तो असा, तिघांनी मिळून, आणि सुकटीच्या चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिने दुसरी भाकरी घेतली. परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं. वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांना वाटत होतं की डबा उघडला नसता तर बरं झालं असतं, आणि मला वाटत होतं की त्यांनी ते बोलू नये.

घरी आलो तेव्हा आईने सुकटीचा डबा उचलून फॉर्म काढलेला होता. पाटावर पेन ठेवलं होतं. तिने विचारलं, काय झालं. वडील पाण्याचा तांब्या घेऊन उगाच चुळा भरत राहिले. मीच सांगितलं की पहिला जिंकले, दुसरा हरले, तिसरा सहा-सातने गेला.

आई फॉर्मची घडी उलगडत होती, ती थांबली. “सा-सात म्हंजे कितीचा फरक?”

“एकाचा,” वडील म्हणाले.

वडील टायब्रेक समजावून सांगायला लागले. नवीन नियम आलाय, सहा-सहा झालं की सात पॉइंट मोजतात, शून्याला लवबी बोलत नाहीत. आईने ते पुरं होऊ दिलं नाही. “एक तर कोनालाबी मिळतो, असं तुमीच बोलायचे ना? तीनदा कालवण गरम केलंय मी त्या दोनाच्या फरकापायी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “फरक पडला नाय, मंग तू हरली कवा?”

तिने फॉर्मची पुन्हा घडी घातली आणि डब्याखाली सारली. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी टळून गेली. मामा महिनाभर बोलला नाही. मी ते एक वर्ष खेळले, आणि सांगण्यासारखं काहीही जिंकले नाही. पुढच्या वर्षी नवा फॉर्म मी स्वतःच भरला, आणि निवृत्तीपर्यंत शाळेत पहिलीच्या मुलांना शून्य शिकवलं. कोर्टाच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे. तिच्या जाहिरातीत टेनिस कोर्टाचा उल्लेख आहे, ते गाड्यांच्या वर गच्चीवर केलंय आणि त्याला कुणी पाय लावत नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. सगळ्या जगाच्या नियमाप्रमाणे मी तो सामना हरलेली आहे, नातीने ते मोबाइलवर तपासूनही दाखवलं. पण आमच्या घरच्या पंचांनी निकाल दिलेला नाही. तिसऱ्या सेटमध्ये मी सहा-सातवर आहे आणि आता सर्व्हिस माझी आहे.